पापटाच्या शेंड्यातला डिंक

दादा, आज माळ्यानं कुंपणाजवळचं पापटाचं झुडूप उपटायला घेतलं. पानांवर काळे ठिपके आहेत, रोग पडलाय, म्हणाला. मी त्याच्यावर अशी ओरडले की सूनबाई पोळी तव्यावर तशीच सोडून धावत आली. रोग नाही तो, एवढंच मला सांगता आलं. बाकीचं तुम्हालाच सांगण्यासारखं आहे, आणि तुम्हाला जाऊन कैक वर्षं झाली. हे पत्र पेटीत पडणार नाही, म्हणूनच लिहायला धीर होतो आहे.

परभणीच्या सरकारी शेतीफार्मवर तुम्ही बियाण्याचं काम बघायचात. निजामाचं राज्य संपत आलं होतं, पण आपल्याला ते कुठं माहीत होतं! गडबड वाढली, माझी शाळा बंद पडली, आणि तुम्ही मला घरात बसवलंत. आई तर आधीच गेलेली, घरात आपण दोघं बापलेकच. सकाळी निघताना तुमचं एकच असायचं, "कडी लाव. मी हाक मारल्याबिगर काढू नको." कडी आतून, आणि लावणारी मीच. मग दिवसभर अंगण, रांजण आणि भिंत. पलीकडून टांगा गेला तरी मी टाचा उंचावून बघायची, दिसायचं काही नाही. तुमचा इतका राग यायचा की भाकरी थापताना परातीचा आवाज शेजारी जायचा. पण संध्याकाळी तुमच्या खिशातून हरभऱ्याचा डहाळा निघायचा, नाहीतर एखादं वेडंवाकडं पान, आणि राग धरून ठेवणं जड व्हायचं.

त्याच वर्षी फार्मच्या साहेबांच्या बंगल्याला पापटाचं कुंपण करायचं निघालं. ज्याचं बी घ्यायचं त्या जुन्या झुडपाच्या पानांवर ठिपके बघून तुम्हीही आजच्या माळ्यासारखंच समजलात. रोग मरावा म्हणून बी गरम पाण्यातून काढलंत, आणि कुंड्या आपल्या अंगणात आणून ठेवल्यात, कारण पाणी घालायला मी होतेच. रोपं उगवली. पानं आरशासारखी स्वच्छ, तुम्ही खूश. मग वाढच थांबली. पानं आखडली, शेंडा गाठीसारखा बसला.

वाशीमच्या आत्याचा निरोप तेव्हाच आला. वऱ्हाडात शाळा चालू आहेत, पोरीला पाठव. शेजारचं घर तिकडेच निघालं होतं आणि त्यांच्या गाडीत जागा होती. "वाट बरी न्हाई," म्हणालात तुम्ही. दुसऱ्या दिवशी, "आजून लहान हाय." तुमचं आपलं धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

आणि एका संध्याकाळी तुम्ही भिंग आणि जुन्या पापटाची फांदी घेऊन येता. शेंड्याशी, दोन पानांच्या मधे, इवल्या पापुद्र्यांची टोपी असते, ती तुम्ही नखानं सोलता. आत चिकट डिंक. तो पाझरणाऱ्या ग्रंथी केसाएवढ्या, भिंगातूनही जेमतेम दिसतात. "ह्या डिंकात जंतू ऱ्हातेत. साहेबानं सूक्ष्मदर्शकाखाली दाखवले. पान उमलायच्या आधीच आत शिरतेत. काळा ठिपका म्हंजे त्यांचं घर."

"मग भायेर कवा येतेत?"

"येतच न्हाईत. बियातसुदीक तेच ऱ्हातेत. मी गरम पाण्यानं मारले, म्हून रोपं बसली."

मी कुंडीतल्या खुरट्या रोपाकडे बघितलं, मग तुमच्याकडे. "दादा, मी गेले तर तुमचंबी आसंच व्हईल का?"

तुम्ही उठलात आणि रांजणापाशी जाऊन कितीतरी वेळ हात धूत राहिलात.

गाडी निघायच्या सकाळी कडी तुम्हीच काढलीत. माझे कपडे गाठोड्यात बांधलेले होते, गाठ तुमच्या हातची, ढिली. ते माझ्या हातात दिलंत आणि म्हणालात, "जा." बैल दारात उभे होते. मी विचारलं, "सांजच्याला भाकरी कोन टाकंल?"

"शिकतो की," तुम्ही म्हणालात, पण माझ्याकडे बघितलं नाहीत.

मी गाठोडं खाली ठेवलं. गाडी गेली. शाळा गेली ती गेलीच. पुढं लग्न, दुसरं अंगण, दुसरी भिंत. तुम्ही गेलात तेव्हासुद्धा माझ्या मनात तेच खदखदत होतं, की हे एकदाच 'जा' म्हणाले. दुसऱ्यांदा म्हणाले असते तर मी गेले असते. चुलीशी, पोरं निजवताना, मी तुमच्याशी याच एका शब्दावरून भांडत आले.

आज ओरडून झाल्यावर त्या झुडपाचा शेंडा मी सोलला. बोटांना डिंक लागला, तो अजून गेलेला नाही. आणि त्या सकाळचं आठवलं ते सांगते. गाठोडं ठेवल्यावर तुम्ही तोंड उघडलं होतंत, दादा. काहीतरी म्हणणार होतात. मी घाईनं चुलीशी गेले आणि फुंकणी तोंडाला लावली, तुम्ही ते म्हणू नये म्हणून.