काकांच्या पायऱ्यांना माझं अनुमोदन

प्रिय ताई,

वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा अर्धाच वाकलो असं समज). भावोजींचा गुडघा आता कसा आहे? भाची अजून अंगणातच स्कूटर शिकते आहे की रस्त्यावर आली? इकडे सगळे ठीक आहोत, आणि ही ठीक असण्याची मुदत सोमवारी संपते. काकांच्या चष्म्याच्या दुकानापुढच्या पायऱ्या पाडायचं काल नगरपालिकेच्या सभेत मंजूर झालं. नगर अभियंत्यांनी स्वतः सांगितलं, म्हणजे बातमी पक्की. ठरावाला अनुमोदन कोणी दिलं हेही त्यांनीच सांगितलं. मी दिलं.

लगेच फोन उचलू नकोस. (फोनवर तू मला दुसरं वाक्य बोलू देत नाहीस, म्हणून तर पत्र लिहितो आहे.) मी निवडणुकीला उभा राहिलो तो काकांमुळे, हे तुला ठाऊक आहेच. गल्लीतलं गटार तुंबतं, पाणी सगळ्यांच्या दुकानांत शिरतं, आणि माझ्यासारखा नळ-पाइप विकणारा माणूस ते मोकळं करू शकेल अशी काकांची समजूत. चष्मा विकणं वेगळं आणि डोळ्यांचं ऑपरेशन करणं वेगळं, हे त्यांच्याच धंद्यातलं उदाहरण देऊन पाहिलं, उपयोग झाला नाही. दारोदार हिंडून ते सांगायचे, ‘पोरगा फार हुशार नाही, पण सांगितलेलं ऐकतो.’ एवढ्या भांडवलावर मी निवडून आलो. तेव्हापासून मी शटर वर केलं की समोरून काकांचा आवाज यायचा, ‘नगरसेवक, गटाराचं काय?’ नमस्कार नाही, चमत्कार नाही.

सभागृहात लांब टेबल आहे, शिट्ट्या मारणारा माइक आहे आणि माझ्या शेजारी एक जुने सदस्य बसतात, त्यांना सगळे हरकतदादा म्हणतात. सभा सुरू झाली यालाही ते हरकत घेतात. त्यांनी मला पहिल्या दिवशी शिकवलं, की एकाने ठराव मांडायचा, दुसऱ्याने अनुमोदन द्यायचं, मग मतं. नव्या माणसाला बोलायला मिळत नाही, तेव्हा त्याने अनुमोदन देत जावं, निदान नाव तरी नोंदलं जातं. काल विषय निघाला, ‘मुख्य गटारावरील अडथळे काढून सफाई करणे.’ आपलं गटार! मी महिनोन्‌महिने ज्याच्यामागे लागलो होतो ते. अनुमोदन दिलं, आणि मतदानाला आनंदाच्या भरात दोन्ही हात वर केले. नगराध्यक्षबाई म्हणाल्या, ‘एका सदस्याला एकच मत असतं.’ ठराव एकमताने मंजूर. हरकतदादांचीसुद्धा हरकत नव्हती, तिथेच मला शंका यायला हवी होती.

सभेनंतर अभियंत्यांनी नकाशा उलगडला. गटारावर अडथळा एकच, काकांच्या पायऱ्या. त्यांच्याखाली गटार निम्मं झालं आहे. मी अडथळे काढायला सांगितलं होतं, ताई, अडथळा कुठला ते विचारलंच नव्हतं. आणि त्या पायऱ्या बाबांनी आणि काकांनी मिळून बांधलेल्या, गवंडी न बोलावता. म्हणून तर तिन्ही तीन उंचीच्या आहेत. बाबा गेल्यापासून काका दुपारी खुर्ची सोडून मधल्या पायरीवर का बसतात, ते आपण कधी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती.

मी ठराव मागे घ्यायची धडपड केली. निम्म्याहून जास्त सदस्यांनी सह्या केल्या तर तो पुन्हा सभेपुढे आणता येतो. सगळे तयार होते, फक्त प्रत्येकाच्या मामाचा, मेव्हण्याचा किंवा शेजाऱ्याचा ओटा असाच कुठल्या ना कुठल्या गटारावर होता आणि तो वाचवायच्या अर्जावर आधी माझी सही हवी होती. म्हणजे काकांच्या तीन पायऱ्यांपायी गावातलं एकही गटार मोकळं झालं नसतं. शिवाय ठराव मागे घ्यायला हरकतदादांची हरकत होती.

शेवटी काकांना सांगायला गेलो. ते काच पुसत होते. मी सगळं सांगेपर्यंत तीच काच पुसत राहिले. मग म्हणाले, ‘सही कोणाकोणाची घेतलीस?’

‘अजून कोणाची नाही.’

‘घेऊ नकोस. मी मतं गटारासाठी मागितली होती. आता घरोघर जाऊन सांगू, की आमच्या पायऱ्या सोडून?’

एवढं बोलून त्यांनी समोरच्या शिंप्याला हाक मारली आणि आमचा नगरसेवक घरापासून सुरुवात करतो, असं मोठ्याने ऐकवलं. टोमणा होता, पण शिंप्याला तो कौतुक वाटला. आता गल्लीतला जो तो माझी पाठ थोपटतो आहे. चूक झाली म्हणायचीसुद्धा सोय राहिली नाही.

भावोजींना नमस्कार, भाचीला आशीर्वाद आणि हेल्मेट.

तुझा,
धाकटा (आणि लोकनियुक्त)

ता. क. अभियंते नंतर उचलता येणाऱ्या लोखंडी पायऱ्या बसवून देणार आहेत, सगळ्या एका उंचीच्या. काकांना हे अजून सांगितलेलं नाही.

ता. क. दुसरा. खरं काम हे. सोमवारी काकांना काही निमित्त काढून तुझ्याकडे बोलावून घे. पहार पडताना त्यांना बघवणार नाही. मी सुचवलं असं म्हणू नकोस.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवणार तोच काकू येऊन गेली. काका आज तुला फोन करणार आहेत म्हणे, सोमवारी पोराला तुझ्याकडे बोलावून घे असं सांगायला, कारण त्याला बघवणार नाही. हे पत्र पोचेपर्यंत तू त्यांना हो म्हणाली असशील. मलाही हो म्हण. सोमवारी सकाळच्या गाडीने आम्ही दोघे, एकमेकांची समजूत काढायला निघालेले, तुझ्या दारात उभे राहू. इकडे मजुरांवर देखरेखीला काकू आहे. तिने पहार आजच मागवून ठेवली आहे.