पोटावरचे ठिपके

४ सप्टेंबर
जगण्याची शक्यता — शून्य! कॉम्प्युटरवरचं गणिती मॉडेल म्हणतंय, तळ्यातले गेल्या वर्षीचे सगळे बेडूक मेले. आणि जवळपास तितकेच नवे आले. एकूण संख्या जवळजवळ तशीच, त्यामुळे आमचे सर खूश. तळ्याचं बांधकाम करणारे इंजिनिअर तर त्याहून खूश. गेल्या वर्षीची पाहणी झाल्यावर त्यांनी तळ्याच्या एका काठाला काँक्रीटची भिंत बांधली. 'बेडकांना त्रास नाही' असा आमचा अहवाल गेला, की उरलेला काठही बांधणार. फोनवर म्हणाले, "नवी पिढी आली ना मॅडम, मग अडलंय कुठे?"

अडलंय माझ्या डोक्यात. एवढे बेडूक एका वर्षात मेले कसे?

५ सप्टेंबर
सुरुवातीचे आकडे बदलून पाहिले. मॉडेल सोपं करून पाहिलं. शून्य काही ढिम्म हलत नाही.

७ सप्टेंबर
कॉम्प्युटरवर खोटे बेडूक तयार केले, दहातले सहा जगतील असे. मॉडेलने बरोब्बर सहा सांगितले. म्हणजे त्याच्यावर खापर फोडण्यात अर्थ नाही. गोची फोटोंत आहे. प्रत्येकाच्या पोटावरचे ठिपके वेगळे, त्यावरूनच कोण पुन्हा सापडला ते कळतं. या वर्षी सापडलेले याच वर्षी पुन्हापुन्हा सापडतात, पण गेल्या वर्षीचा एकही नाही. तेव्हा फोटो मी काढले होते, यंदा सरांनी. त्यांना विचारायचं कसं? लगेच नाक मुरडतात.

८ सप्टेंबर
काही नाही. डोकं दुखतंय.

९ सप्टेंबर
आईने नव्या फोनवरून सेल्फी पाठवला. छान आलाय. पण गालावरचा तीळ भलत्याच बाजूला!

चहा तसाच टाकून ऑफिस गाठलं. सरांचे मूळ फोटो उघडले. बेडकाशेजारी धरलेल्या मोजपट्टीवरचे आकडे उलटे! आम्ही फोटोतून पोटाचाच भाग कापून घेतो, पट्टीकडे बघतंय कोण? सरांच्या फोनचा मागचा कॅमेरा फुटलाय, म्हणून बेडूक वर, फोन खाली — सेल्फी! आणि सेल्फीत डावं-उजवं उलटं.

"उलटं आलं म्हणून काय झालं?" सर म्हणाले. "बेडूक तर तोच ना?"

"तोच, सर. पण मॉडेलला तो नवा वाटला."

सर स्वतःच हसत सुटले. माझा रागही गेला.

१० सप्टेंबर
सगळे फोटो पलटवले. ठिपके धडाधड जुळले. गेल्या वर्षी मी नावं दिलेले सगळे दिसले: टकल्या सापडला, चांदणी सापडली, ढेरपोट्याही! खोलीत एकटीच हसत होते. दहातले नऊ जगलेत. सर म्हणाले, आता अहवाल पाठवून टाकू.

११ सप्टेंबर
सरांना अहवाल थांबवायला सांगितलं. मॉडेलचा दुसरा आकडा, नव्या बेडकांचा, आत्ता पाहिला. तळ्यातले सगळे जुनेच आहेत. भिंत झाल्यापासून एकही नवा बेडूक आलेला नाही.