निखाऱ्याची थट्टा

॥ श्री ॥
धुळे, ता. ४ जानेवारी १९३७

ती. स्व. अभिमनभाऊंच्या सेवेशी लीलाधरचा सा. नमस्कार, वि. वि.

आईची कंबर आणि डावा कुल्ला अजून तसाच ठणकतो हे वाचून चैन पडेना. दोन वर्षं झाली, बिचारी भिंतीला टेकून उभ्याने भाकरी खाते. आमच्या शाळेतल्या जीवराम मास्तरांचं हेच दुखणं होतं. डॉक्टरांनी लांब सुईने कमरेत, शिरेच्या जवळ औषध घातलं. दुखणं जागच्या जागी थांबलं. पाय तीनचार तास इतका बधिर, की टाचणी टोचली तरी मास्तरांना पत्ता नाही. निखारा ठेवला असता तरी गडी हसत बसला असता!

चोपड्याच्या दवाखान्यात आलेले नवे डॉक्टर हीच सुई देतात. आईला न्याच. मात्र त्या वैदू धनसिंगबाबांकडून पुन्हा तापल्या विळ्याचा डाग देववू नका, हात जोडतो. मागच्या वेळची तिची किंकाळी अजून कानात आहे.

वहिनींस नमस्कार. आहे तोच लोभ राहू द्यावा.

आपला
लीलाधर

॥ श्री ॥
चोपडा, ता. ११ जानेवारी १९३७

चि. लीलाधर यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आईला चार वेळा वाचून दाखवलं. निखाऱ्यापाशी आलो की पदर तोंडाला लावून हसते. सुईला भीत भीत का होईना, कबूल झाली. तिचं एकच म्हणणं, फाल्गुनात आपल्या पुष्पाची हळद, तेव्हा नातीपाशी पाटावर मांडी घालून बसता आलं पाहिजे. नंतर पाय राहो की जावो म्हणते. हट्टी बाई, तुझ्यावर गेली आहे!

प्रकृतीस जपावे, आम्हांस विसरू नये.

अभिमन

॥ श्री ॥
चोपडा, ता. २८ जानेवारी १९३७

चि. लीलाधर यास अनेक आशीर्वाद.

शुक्रवारी सुई झाली. अरे, काय जादू! आई दवाखान्यातून माझ्या खांद्याला धरून आली ती हसतच. आता तिची युक्ती ऐक. घरी येताच धनसिंगबाबांना बोलावणं धाडलं. म्हणाली, आत्ता पाय बधिर शे, दुखणं मुळापासून जायला हवं, तर डाग आत्ताच देऊन टाका. लीलाधरनेच निखाऱ्याचं लिहिलंय ना! मलाही पटलं. बाबांनी विळा लाल करून कुल्ल्यावर नि मांडीवर ठेवला. ती हूं की चूं करीना, म्हणून त्यांनी जरा जास्तच दाबून धरला.

आज फोड फुटून पाणी वाहतं, थोडा ताप आहे. बाबा म्हणतात, रग बाहेर पडते आहे. काळजी नसावी.

अभिमन

॥ श्री ॥
धुळे, ता. ३० जानेवारी १९३७

ती. स्व. भाऊंस सा. नमस्कार.

हे काय करून बसलात! दुखलं असतं तर आई ओरडली असती, बाबांनी हात काढला असता. पत्र मिळताच तिला दवाखान्यात न्या, डॉक्टरांपासून काही लपवू नका. मी उद्याच्या मोटारीने निघतो. ती थट्टा मी का लिहिली? माझे हात का मोडले नाहीत?

लीलाधर

चोपडा, ता. २७ फेब्रुवारी १९३७

चि. लीलाधर यास आशीर्वाद.

या पत्रावर श्री घालायला हात धजला नाही. तेरावा झाल्यावर तू मोटारीत बसलास, ते डोळ्यांपुढून जात नाही. पुष्पाचं लग्न पुढच्या वर्षावर टाकलं. पाट कोनाड्यात उभा करून ठेवला आहे.

एक गोष्ट तुला तोंडाने सांगता आली नाही. डाग दिल्यावर, पाय बधिर होता तोवर, आई त्याच पाटावर मांडी घालून बसली. दोन वर्षांनी. दोन भाकरी खाल्ल्या, पुष्पाला भरवलं. उठावंसं वाटत नाही म्हणाली.

ताप चढला तेव्हा तिला सगळं उमगलं. तू यायच्या आदल्या दिवशी माझा हात आपल्या डोक्यावर ठेवून तिने शपथ घातली, की निखाऱ्याची गोष्ट तुझ्या पत्रावरून निघाली हे तुला कधी कळू देऊ नये, पोराला ते जन्मभर खात राहील. मी शपथ घेतली. पत्र दोन दिवसांपूर्वीच टपालात टाकलं होतं, हे तिला सांगितलं नाही.

दोष तुझा नाही, रे. विळा तापवायला चूल मी फुंकली. तू अधूनमधून लिहीत जा. थट्टासुद्धा लिही.

तुझा भाऊ
अभिमन