बाबांच्या मजकुरातल्या रेघा

राजापूर,
२ जुलै १९९१

चि. मृणालिनीस,
काकाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. दादाला इस्पितळातून घरी आणले, उजव्या हातात अजून शक्ती नाही, म्हणून त्याने सांगायचे आणि तू लिहायचे असे ठरले, हे सगळे समजले. घरी आला यातच सारे आले. तुझ्या शालूकाकूने लगेच देवापुढे साखर ठेवली आणि नंतर ती मला न देता स्वतःच खाल्ली.

आता तुझ्या लिखाणाकडे वळतो. पत्र तपासून सोबत परत पाठवत आहे. दादाची आणि माझी पत्रे वर्षानुवर्षे अशीच येतात आणि जातात. त्याच्या चुका मी लाल शाईने दाखवायच्या, माझ्या त्याने. हात तुझा असला तरी पत्र त्याचे, तेव्हा तुला सूट नाही. अगं, किती रेघा मारल्या आहेस त्याच्या मजकुरात! जन्मभर गिरगावच्या छापखान्यात प्रुफे वाचलेल्या माणसाची तू मुलगी. दोन शब्द जोडायचे तिथे आखूड रेघ, संयोगचिन्ह. आई-वडील, येणे-जाणे. बोलता बोलता वाक्य तुटले तर लांब रेघ, अपसारणचिन्ह. तू मात्र नामाच्या जागी, क्रियापदाच्या जागी, मनाला येईल तिथे लांब रेघ ओढून मोकळी झालीस. "परशा, तुझं — मिळालं." माझं काय मिळालं? टोपी? लिहिण्याचा कंटाळा आला असेल तर तसे सांग. आणि दादाच्या नजरेतून हे सुटले कसे, याचेच मला नवल वाटते.

यतीनरावांना आशीर्वाद. लोभ आहेच, पण शुद्धलेखनाच्या आड तो येणार नाही.

तुझा काका,
परशुराम


गोडदेव, भाईंदर (पूर्व),
११ जुलै १९९१

ती. स्व. काकांस,
मृणालिनीचा सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. बाबांना अजून दाखवलं नाही. काका, कंटाळा नव्हता हो. तुमचं हृदय नाजूक, म्हणून यतीन म्हणाले की सगळं एकदम कळवू नको. आता कळवते. अर्धांगाच्या झटक्यात हात गेला तसे शब्दही गेलेत. त्यांना समजतं सगळं. रीमाबेन, आमच्या शेजारच्या, हिंदीत काही बोलल्या तरी बरोबर हसतात. पण स्वतः सांगायला गेले की नेमका हवा तो शब्द येत नाही. पाणी मागायला तोंड उघडतात आणि माझ्याकडे बघत राहतात.

डॉक्टर म्हणाले, रोज बोलतं करा. म्हणून मी पत्राचं काढलं. तुम्हाला पत्र म्हटलं की बाबा उठून बसतात. सुरुवातीला शब्द अडला की मी आपला अंदाजाने भरत होते, तर त्यांनी डाव्या हाताने कागद ओढून घेतला. चिडले अगदी. मग मी तिथे नुसती रेघ ओढून दाखवली, तेव्हा मान हलवली. बोलता बोलता वाक्य तुटलं तर लांब रेघ, असं तुम्हीच लिहिलंत ना? मग माझं चुकलं नाही.

केबिन रोडच्या छापखान्याचे उत्तमशेठ काल चार पानं देऊन गेले. निवृत्तीनंतर बाबा त्यांची प्रुफं बघायचे, म्हणाले जरा मन रमेल. बाबांचं बोट बरोबर चुकीवर जाऊन थांबतं. काय चुकलंय ते मात्र सांगता येत नाही. मग पानं उलटी करून ठेवली. मी आत जाऊन कुकर लावला, दुसरं काय करणार.

खाली त्यांचा मजकूर देते. शेवटचं वाक्य रोज असतं. रोज तिथेच अडतात आणि डोळे पाण्याने भरतात. कुठे न्यायचं ते काही केल्या कळत नाही. तुम्ही धाकटे भाऊ, तुम्हाला कळेल.

"परशा, मी आता — आहे. मृणा माझं सगळं — करते. माझी — संपली. मला एकदा — घेऊन चल."

काकूंना नमस्कार. लोभ तसाच राहू द्या, लाल शाई तेवढी आटू द्या.

आपली,
मृणालिनी


राजापूर,
१८ जुलै १९९१

चि. मृणालिनीस,
काकाचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचले आणि तसाच ओटीवर बसून राहिलो. त्या लाल शाईच्या कागदाचे तुकडे करून टाक. दादाच्या अडलेल्या शब्दावर मी टोपीची थट्टा केली. काय बोलावे स्वतःला.

शालू म्हणाली, बसून काय होणार, रेघा भरा. म्हणून बसलो भरायला. मी आता "बरा" आहे. हे त्याने खोटे सांगितले असेल, पण सांगितले तेच असेल. मृणा माझं सगळं "नीट" करते. माझी "तपकीर" संपली. ही डॉक्टरने बंद केली असेल, तरी चिमूटभर दे, मी जबाबदार. आणि शेवटची जागा मला वाटते "गावी". गावचे घर पडले तेव्हापासून तो तिकडे गेलेला नाही. त्याला विचार आणि लगेच कळव. गाडी करून मी नेतो.

वाण्याकडे जाऊन तुमच्या शेजाऱ्यांकडे फोन लावणार होतो. पण लावून तो काय बोलणार, आणि मी तरी काय ऐकणार?

तुमच्या सगळ्यांची आठवण काढणारा,
काका


गोडदेव, भाईंदर (पूर्व),
२० सप्टेंबर १९९१

ती. स्व. काकांस,
सा. न. वि. वि.

उत्तराला उशीर झाला, माफ करा. तपकीर बरोबर निघाली. मी वाचलं मात्र, बाबांनी मांडीवर थाप मारली आणि इतके हसले की रीमाबेन पिठाच्या हातानिशी धावत आल्या. झटक्यानंतर पहिल्यांदा असे खळखळून हसले. पण "गावी" म्हटल्यावर मान हलवली. नाही.

तेव्हापासून आमचं हेच चाललंय. घोडबंदरला खाडीवर पूर्वी फिरायला जायचे, म्हणून रिक्षा करून तिकडे नेलं. किल्ल्याच्या पायथ्याशी छान बसले, शेंगा खाल्ल्या, आणि परत निघताना पुन्हा तेच, मला एकदा. यतीननी टॅक्सी करून गिरगावला नेलं. छापखान्याला कुलूप होतं, बाबांनी पाटीकडे पाहिलंसुद्धा नाही. रीमाबेन म्हणाल्या, मंदिर बोलते होंगे, म्हणून देवळात नेलं. आईचे फोटो समोर ठेवले. तिथेही नाही. प्रत्येक वेळी जाताना त्यांचा चेहरा उजळतो, काका, आणि पोचलो की उतरतो. मला आता त्यांना कपडे घालतानाच धास्ती वाटते. इतकं साधं एक मागणं आणि आम्ही दोघं कमावती माणसं ते पुरं करू शकत नाही, याचा राग राग येतो. परवा पाण्याच्या टँकरपाशी उगाच एका बाईशी भांडले.

अंदाजाने त्यांना कुठेही नेऊन "हेच ना बाबा" म्हणून टाकावं असंही मनात येतं. पण तसं त्यांना चालायचं नाही.

दिवाळीत तुम्ही या. तुम्ही समोर बसलात की शब्द येईल असं मला सारखं वाटतंय.

तुमच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली,
मृणालिनी


राजापूर,
१९ नोव्हेंबर १९९१

चि. मृणालिनीस,
काकाचे आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. तू बांधून दिलेल्या चकल्या शालूला आवडल्या, भाजणी विचारली आहे.

एक गोष्ट तुला तिथे सांगता आली नाही. पाडव्याच्या सकाळी तू चहा करत होतीस तेव्हा मी दादाजवळ बसलो होतो. मला आठवतील तेवढी नावे मी घेतली. आमची शाळा, आजोळ, नदीवरचा डोह, आत्याचे घर, पहिल्या नोकरीतली खोली. गेलेल्या माणसांचीही नावे घेतली, कोणाकडे जायचे असेल तर. प्रत्येक नावाला तो माझे मनगट घट्ट धरी आणि मग सोडी. माझी नावे संपली. तो मात्र थांबला होता, मी अजून एक घेईन म्हणून. लहानपणी त्याला न सांगता मी काही केले नाही आणि मला न सांगता त्याने. तरी माझ्याजवळ ते एक नाव नव्हते. मग तो रडू लागला. मला ते बघवेना गं. मी म्हटले, दादा, सोड आता ते. येतंय तेवढंच बोल.

त्याने माझ्याकडे नीट पाहिले आणि डोळे पुसले. तू चहा घेऊन आलीस तेव्हा तो शांत होता. तू म्हणालीस, काका आले म्हणून बरं वाटलं बघा. मी चहा बशीत ओतला.

त्याचा मजकूर पाठवत राहा. माझा जीव त्यात आहे.

तुझा,
काका


गोडदेव, भाईंदर (पूर्व),
५ डिसेंबर १९९१

ती. स्व. काकांस,
मृणालिनीचा सा. न. वि. वि.

भाजणीचं प्रमाण मागच्या पानावर दिलंय. बाबांचा मजकूर असा:

"परशा, मी बरा आहे. जेवतो. झोप लागते. मृणा चांगली आहे. थंडी पडली. काळजी करू नको."

एकही रेघ नाही. लिहून झालं तेव्हा मला खरंच वाटेना. यतीननी पेढे आणले, रीमाबेननी सगळ्या मजल्यावर वाटले. मीही नाचायचीच बाकी होते, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या दिवशी पुन्हा पत्र घ्यायला बसले, तर हाच मजकूर. तिसऱ्या दिवशी हाच, शब्दाला शब्द. तेव्हा तुमचं पत्र आलं, आणि मला कळलं, येतं तेवढंच बोलताहेत.

मी म्हटलं, बाबा, शेवटचं वाक्य राहिलं. मीच "मला एकदा" असं लिहिलं, पुढे लांब रेघ ओढली आणि कागद त्यांच्यासमोर धरला. चुकू दे, कितीही वेळ लागू दे, मी बसते, असं सांगितलं. त्यांनी कागद हळूच माझ्याकडे सरकवला. मी विचारलं, बाबा, कुठे जायचं होतं तुम्हाला?

"कुठे नाही," म्हणाले.

अडले नाहीत, काका. अगदी पूर्वीसारखं, स्वच्छ म्हणाले, आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला.

डॉक्टरांना सांगितलं, तर ते म्हणाले, छान, वाक्यं पुरी व्हायला लागली. मी हो म्हटलं आणि घरी आले.

काकूंना नमस्कार सांगा. तुमच्या लोभाची आत्ता फार गरज आहे.

आपली,
मृणालिनी