बॅग पुढे, मी मागे

आई,

नमस्कार. आधी हे वाच, मगच बॅगेला हात लाव. बॅग एकटी आली म्हणून घाबरू नकोस, मी धडधाकट आहे.

सुट्टीवर निघालोच होतो. रस्ता बर्फाखाली गेलाय, त्यामुळे हेलिकॉप्टरशिवाय वाट नाही. आमचं हे म्हातारं यंत्र माझ्याहून वयाने मोठं. आधी त्याने सैनिक नेले, मग जखमी, आता बटाट्यांपासून टपालापर्यंत सगळं तेच वाहतं. पण इथली हवा विरळ, वजन जरा जास्त झालं की ते उठतच नाही.

मी आत बसलो आणि आमच्या स्वयंपाक्याला स्ट्रेचरवर आणलं. अपेंडिक्स. कुणीतरी उतरणं भाग होतं. वजन मोजणारा मीच, मग भांडणार कुणाशी? बॅगेचं वजन चाललं, माझं नाही.

पायलट पंखा बंद करत नाही, म्हणून घाईत लिहितोय. पुन्हा कधी येणार, ते त्यालाही माहीत नाही. बाबांचा गुडघा कसा आहे? त्यांना उगाच स्टेशनवर पाठवू नकोस. बॅग आणून देणाऱ्याला चहा पाज.

तू विणलेला स्वेटर बॅगेतच राहिलाय, तो उन्हात ठेव. इथे तशी थंडी नाही. अक्षर थरथरलंय ते पंख्याच्या वाऱ्याने.

तुझा,
धाकटा