हललेले निगेटिव्ह

जव्हार, जिल्हा ठाणे
कार्तिक वद्य दशमी, शके १८९६

कै. सौ. सुलोचना श्रीधर खांबेटे यांस,

मायना काय लिहावा यावर मी बराच विचार केला. तू हयात असताना दौऱ्यावरून धाडलेल्या पत्रांत मी ‘अनेक आशीर्वाद’ लिहीत असे, कारण पतीने पत्नीस तसेच लिहावयाचे असते. आता तू पितरांत गेलीस, म्हणजे दर्जाने माझ्या वरची झालीस. यापुढे आशीर्वाद तिकडून इकडे यावयास हवेत. सबब साष्टांग नमस्कार (माझी कंबर लक्षात घेता ‘साष्टांग’ हा शब्द केवळ लेखी समजावा). मी बरा आहे. भात कधी कच्चा राहतो, कधी खीर होते. मधली अवस्था अद्याप साधलेली नाही. तुझी तुळस जगली आहे, मोगरा गेला. तिकडील प्रकृतिमान विचारणे औचित्यास धरून होईल की नाही हे ठाऊक नाही, पण विचारल्यावाचून पुढे जाणे बरे दिसत नाही. गुडघा कसा आहे?

लिहिण्याचे निमित्त असे की मी फोटोग्राफी शिकत आहे. ज्या गृहस्थाला कॅमेऱ्यासमोर उभे केले की तो राष्ट्रगीत चालू असल्यासारखा ताठ होतो, त्याने कॅमेऱ्याच्या मागे जावे याचे तुला हसू येईल. परंतु यामागे कारण आहे, आणि ते क्रमाने सांगितले पाहिजे. तू गेलीस तेव्हा तुझा एकही फोटो घरात नाही असे आढळून आले. लग्नातला फोटो वाळवीने खाल्ला होता (तिने तुझ्या बाजूने सुरुवात केली व माझ्यापाशी येऊन ती थांबली, मी तिला रुचलो नसावा). त्याखेरीज तू फोटो काढूच दिला नाहीस. अपवाद एकच. माझा मावसभाऊ विनायक आपल्याकडे आला असता आपण दाभोशाचा धबधबा पाहावयास गेलो होतो आणि त्याने बॉक्स कॅमेऱ्याने आपल्या दोघांचा फोटो घेतला होता. तो बिघडला म्हणून त्याने त्याची प्रत काढली नव्हती. तुझी बातमी कळल्यावर त्याने ते निगेटिव्ह पाकिटात घालून पाठविले. ते मी येथल्या बाजारातील स्टुडिओत नेले. स्टुडिओ नूरमोहम्मद यांचा आहे, म्हणजे ते बाहेर खुर्चीवर बसून येणाऱ्यांचे स्वागत करतात; आत फोटो घेणे, धुणे, रंगविणे हे सर्व त्यांच्या पत्नी शहरबानो पाहतात. मी त्यांना सांगितले की यातून एकट्या पत्नीचा, खांद्यापर्यंतचा, भिंतीवर लावण्याजोगा फोटो पहिल्या मासिक श्राद्धापूर्वी हवा. बाकी योग्य ते करावे. ‘योग्य ते करावे’ हा शेरा मी कार्यालयात आयुष्यभर मारीत आलो आहे आणि त्यानंतर सहसा काहीच घडत नाही. येथे मात्र घडले.

फोटो वेळेवर आला. काच स्वच्छ, चौकट सरळ, तुझी फुलाफुलांची साडी जशीच्या तशी. न्यून एवढेच होते की ती तू वाटत नव्हतीस. आता माझी अडचण समजून घे. मी वजनमापांचा निरीक्षक. हाताच्या अंदाजाने वजन ठरत नसते, प्रमाणित मापाने ठरते, हे जव्हार-मोखाड्याच्या व्यापाऱ्यांना पटवून देण्यात माझे केस पांढरे झाले. तेव्हा फोटो आणि आठवण यांच्यात तफावत दिसताच मी शिस्तीप्रमाणे आठवण दुरुस्त करावयास घेतली. दररोज संध्याकाळी फोटोसमोर बसून मी तुझे नाक थोडे थोडे रुंद करीत गेलो. हनुवटीवरची खूण काढून टाकली. गाल भरले. घरमालकीण धोंडीबाई म्हणाल्या, की बाई फोटोत अंगाने भरल्यासारख्या दिसतात. मी म्हणालो, फोटोत तसे दिसते. चंदनाचा हार घातला. दर मासिकाला नैवेद्य दाखविला. श्रावण सरेपर्यंत मला तू जवळजवळ फोटोसारखीच आठवू लागली होतीस, आणि काम पूर्णत्वास गेल्याचे काहीएक समाधानही वाटू लागले होते.

भाद्रपदात धोंडीबाईंच्या सुनांना बांगड्या भरावयास झरीना आल्या. (तुझ्या त्या ओळखीच्या, तुला त्याच बांगड्या भरीत. मी अशा वेळी बाहेर जात असे, त्यामुळे त्यांना नीट पाहण्याचा प्रसंग मला आला नव्हता.) आपले दार उघडे होते. ओटीवरून त्यांनी सहज आत पाहिले आणि बांगड्यांची टोपली खाली ठेवली. मग उंबऱ्याशी येऊन त्या भिंतीकडे पाहत बराच वेळ उभ्या राहिल्या. मी विचारले, काय पाहिजे. त्या अगदी शांतपणे म्हणाल्या,

“साहेब, मी कधी वारले? घरात कुणी बोललं नाही मला.”

पुढील गोंधळाचे वर्णन करीत नाही. चौकटीतला चेहरा आणि दारातला चेहरा एकच होता, हे सुनांनी, धोंडीबाईंनी आणि अखेर मीही पडताळून पाहिले. झरीनाबाईंचे म्हणणे असे, की चंदनाचा हार ज्याने घातला त्यानेच स्वहस्ते काढावा, आणि त्यांच्यादेखत काढावा, कारण अशा गोष्टी अंगाला लागतात. मी स्टुलावर चढून हार काढला. त्यांनी फोटो काखोटीस मारला आणि आम्ही सर्वजण (सुनांसह, त्यांच्या अर्ध्याच बांगड्या भरून झाल्या होत्या) बाजारातून स्टुडिओत गेलो. झरीना या शहरबानोबाईंच्या नणंद आहेत, हे मला तेथे कळले.

शहरबानोबाईंना यात आपले काही चुकले असे मुळीच वाटले नाही. इकडे पाड्यांवर एखादे माणूस फोटो न काढता गेले, तर त्याच्या भावाला किंवा बहिणीला त्याचेच कपडे घालून स्टुडिओत आणतात, फोटो घेतात आणि तो मेलेल्याचा म्हणून लावतात. घरच्यांना ते मान्य असते. निगेटिव्ह त्यांनी उजेडाशी धरून पाहिले होते. साडी चांगली आली होती, पण चेहरा हलला होता, आणि हललेला चेहरा भिंतीवर लावीत नाहीत, म्हणून त्या जागी त्यांनी घरातल्या एका जुन्या फोटोतला चेहरा बसविला. मीच योग्य ते करा म्हटले होते. “तुमच्या बाईंना बहीण नाही हे मला माहीत होतं,” त्या म्हणाल्या, “म्हणून मी माझी नणंद दिली. कोण देतं?”  बाहेरून नूरमोहम्मद यांचे ‘या, बसा’ एवढेच ऐकू आले.

त्याच जागी मी शिकावयाचे ठरविले. चेहरा हललेला नसून त्यांचे एन्लार्जर, म्हणजे फोटो मोठा करण्याचे यंत्र, नीट बसविलेले नाही, असा माझा ग्रह झाला. सदोष तराजू मी दुरून ओळखतो. वर्षश्राद्धापूर्वी तुझा खरा चेहरा भिंतीवर आला पाहिजे, नाहीतर झरीनाबाईंचा चेहरा माझ्या डोक्यातून जाणार नाही, एवढे मला स्पष्ट दिसत होते. (फोटो गेला, हार गेला, पण डोळे मिटले की नाक रुंदच येई. तू आपली मागे उभी असावीस आणि पुढे त्या, असे काहीसे.) शहरबानोबाईंनी सुटीच्या दिवशी शिकविण्याचे कबूल केले.

आरंभ बरा झाला नाही. डार्करूम हे एका खोलीचे नाव आहे, आणि तिचे दार बंद असते. मी सभ्यपणे दारावर टकटक केले, आतून काहीतरी ओरडल्याचा आवाज आला, तो मी अनुमती समजलो. त्यामुळे साखरशेतचे एक संपूर्ण लग्न नाहीसे झाले. वधूवरांना पुन्हा आणून, पुन्हा मुंडावळ्या बांधून फोटो घ्यावे लागले (मधल्या काळात त्यांचे भांडण झाले होते, ते फोटोत दिसते). मापांच्या बाबतीत मात्र माझी सरशी झाली. शहरबानोबाई फोटो पक्का करणारी हायपोची पूड मुठीने टाकीत आणि डेव्हलपर बोट घालून कोमट की गार हे ठरवीत. मी कार्यालयातील प्रमाणित मोजपात्र व स्वतःचा तापमापक नेला. माझे फोटो पिवळे पडत नाहीत, हे त्यांनीही मान्य केले. पण पिवळे पडण्यासाठी आधी त्यावर काही उमटावे लागते, असेही त्या म्हणाल्या. मी सुरुवातीस भिंगावरील टोपण काढण्यास विसरत असे, त्याला उद्देशून हे होते.

मोखाड्याच्या आठवडे बाजारात फोटो घेण्याचा सराव करावा असे ठरले. मी काळी पेटी आणि तिपाई घेऊन यस्टीतून उतरलो. सर्व व्यापारी मला ओळखतात. मी तिपाई उभी करून पेटी उघडू लागताच बाजारातील यच्चयावत तराजू दिसेनासे झाले आणि लोकांनी टोमॅटो व सुकी मासळी वाटे लावून विकावयास सुरुवात केली. मी केवळ कलेसाठी आलो आहे असे सांगितल्याने घबराट आणखी वाढली. फोटोला तयार झाली ती एकटी हिरी नावाची वारली बाई, कारण तिच्यापाशी तराजू नव्हता, कंद होते. तिने दोन अटी घातल्या. नवे चांदीचे वाळे पायात होते, ते पूर्ण दिसले पाहिजेत. आणि अंबाड्यात फुले होती, तीही. मी म्हटले, एका फोटोत पुढचे व मागचे दोन्ही येत नाही. “फुलां मागं हायत न् तू पुढून काय काढतोस?” ती म्हणाली (इकडे सर्वांनाच ‘तू’ म्हणतात, मलाही). शेवटी ती फुलांची अट सोडून उभी राहिली. मी वाळ्यांवर इतके लक्ष केंद्रित केले की धुतल्यावर फोटोत पायांपासून गळ्यापर्यंत सर्व काही होते, गळ्याच्या वर नव्हते.

पुढच्या बाजाराला मी तो फोटो संकोचाने घेऊन गेलो. हिरी नव्हती, तिचा नवरा सोन्या होता. तो मला ओळखत नव्हता आणि फोटोविषयी त्याला काही ठाऊक नव्हते. कुणाचा आहे हे न सांगता मी फोटो पुढे केला, मनात आले की निदान हा तरी गोंधळेल. त्याने कंदाची माती हाताने झटकली, फोटो घेतला आणि म्हणाला, “हिरी हाय.” मी विचारले, कशावरून? डोके नाही. वाळे तर बाजारात पुष्कळ बायकांच्या पायांत आहेत. त्याला माझा प्रश्नच कळला नाही. “हिरीच उभी हाय ना ती,” तो म्हणाला, आणि फोटो कमरेच्या फडक्यात गुंडाळून कंद विकू लागला. परतीच्या यस्टीत मी त्यावर फार विचार केला. तो गृहस्थ डोक्यावाचून ओळखतो. मी चेहरा समोर असताना कित्येक महिने दुसऱ्याच बाईंना नैवेद्य दाखविला.

गेल्या आठवड्यात शहरबानोबाई लग्नासाठी नाशिकला गेल्या आणि किल्ल्या माझ्याकडे देऊन गेल्या. मी एन्लार्जर उलगडून पुन्हा बसविले, पाणसळ लावून सरळ केले. लाल दिव्याखाली कागद द्रावणात टाकला. प्रथम मी आलो. टोपी, कोट, गुंड्या, गुंड्यांची भोकेसुद्धा मोजता येतील इतका स्वच्छ, छाती फुगवून, श्वास रोखून. त्यानंतर धबधबा. त्यानंतर तू, आणि तुझा चेहरा हललेला. मी भिंग पुन्हा लावले. पुन्हा मी स्वच्छ, तू हललेली. कागद संपत आले तेव्हा मान्य करावे लागले की उपकरणात दोष नाही. शहरबानोबाईंचे म्हणणे बरोबर होते. तू हललीस.

मी त्या ओल्या कागदाकडे पाहत राहिलो. चेहऱ्याच्या जागी नाकडोळे धड नाहीत. पण तू एका पायावर भार देऊन माझ्याकडे वळली आहेस, उजवा हात माझ्या छातीच्या दिशेने उचलला आहेस आणि तोंड उघडे आहे. काही बोलत आहेस. हे पाहताना माझ्या ध्यानात आले, की रुंद नाक कोठे दिसत नाही. हनुवटीवरची खूणही होती (फोटोत नव्हे, मला आठवली).

फोटो वाळवून घरी आणला. किल्ल्या नेण्यास झरीनाबाई आल्या तेव्हा तो त्यांना दाखविला, कारण या प्रकरणात त्याही एक पक्ष आहेत. त्यांनी चेहऱ्याकडे पाहिलेच नाही. “हा हात माझ्या ओळखीचा आहे,” त्या म्हणाल्या. “बाई दरवेळी हात आवळून धरायच्या. मी म्हणायचे, श्वास सोडा, म्हणजे हात सैल पडतो.” मग त्यांनी फोटोतल्या माझ्याकडे नीट पाहिले आणि म्हणाल्या, “तेच सांगतायत तुम्हाला. श्वास सोडा.”

फोटो भिंतीवर लावला आहे. शहरबानोबाईंनी नाशिकहून निरोप धाडला आहे, की परत आल्यावर माझी बाजू कापून देतील. मी नको म्हणून कळविले. माझी बाजू काढली तर तू कुणाकडे पाहतेस हे कळणार नाही. हार घातलेला नाही. चौकटीत एक जिवंत इसम असल्याने तसे करता येत नाही. पूर्वी तसे झाले तेव्हा काय घडले ते वर लिहिलेच आहे.

तुझा आज्ञाधारक,
श्रीधर बळवंत खांबेटे

ता. क. – वर्षश्राद्धाविषयी गुरुजींना विचारले. श्राद्धाला फोटो लागतच नाही, दर्भ पुरतो, असे ते म्हणाले. हे त्यांनी पूर्वीच सांगितले असते तर मी फोटोग्राफी शिकलो नसतो.

दुसरा ता. क. – झरीनाबाईंचा तो पहिला फोटो त्यांच्या घरी हाराविना लावला आहे. तुझी साडी त्यांना शोभते. तुझी हरकत असल्यास कळवावे.

तिसरा ता. क. – खरे विचारावयाचे ते राहिले. धबधब्याच्या आवाजात मला त्या वेळी ऐकू आले नव्हते. काय म्हणालीस म्हणून मी नंतर विचारले, तर ‘काही नाही’ म्हणालीस. झरीनाबाईंचा अंदाज मी अंदाज म्हणूनच धरतो, कारण त्या सर्वांना तेच सांगतात. तू प्रत्यक्ष काय म्हणालीस, हे सवडीने कळवावे. तूर्त त्याप्रमाणे श्वास सोडला आहे.