गंजीमागचा गाव्रिला

मी सावेता कोम्शा, वय एक्क्याऐंशी, राहणार पोएनित्सा, फागाराश डोंगराचा पायथा, हे माझ्या हाताने, माझ्या मर्जीने लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत.

घर व अंगण भावाचा मुलगा दोरेल यास. तो पाहुण्यांसाठी खोल्या चालवतो. मी काचेवर रंगवलेलं गावाचं चित्र त्याला दर्शनी खोलीत टांगायचं आहे. म्हणाला, "आत्या, कोपऱ्यात एक अस्वल काढ ना, पाहुण्यांना आवडतं." अस्वल हवंच असेल तर दारामागचा मोठा आरसाही त्यालाच देत आहे. रोज सकाळी बघावं.

चित्र मात्र त्याला नाही.

ते मी काढलं त्या वर्षी माझा नवरा गाव्रिला ओढ्यापलीकडच्या रावेका नावाच्या बाईकडे राहायला गेला होता. आईने शिकवलं तसं आधी काळ्या रेघा ओढल्या, मग रंग भरले: देवळाचा लाकडी कळस, कापलेली कुरणं, मेंढरं, आणि सणाला हातात हात धरून गोल नाचणारं अख्खं गाव. गाव बघायला लोटलं. गाव्रिलाही आला, निर्लज्ज.

"मी कुठाय गं?"

"आहेस की. ती गवताची गंजी दिसते ना? तिच्यामागे."

तेव्हापासून इथे कोणाचा नवरा दिसेनासा झाला की बायका म्हणतात, "बघा गंजीमागे."

रावेकाला मी कुरूप काढलं असेल, अशी सगळ्यांना आशा होती. मी तिला लाल ओढणीत सर्वांत पुढे काढलं. नाचायची छान, त्याला मी काय करू?

दोन हिवाळ्यांनी गाव्रिला तिलाही सोडून शहरातल्या लाकूडवाल्याच्या विधवेकडे गेला. मग रावेका आलुबुखाराच्या दारूची बाटली घेऊन माझ्या दारात आली. चित्रापुढे जाऊन उभी राहिली.

"सावेता, मला का नाही गं लपवलंस?"

"गंजी एवढी मोठी नव्हती. बस, प्याले काढते."

त्यावर आम्ही दोघी रडलो, मग हसलो. शेजाऱ्यांना हसणंच जास्त खटकलं. माझ्या आजारपणात दोरेल फोनवर होता. उशाशी रावेका होती.

म्हणून चित्र रावेका हिला. ओढ्यावरच्या फळीवरून ते दोरेलने स्वतः न्यावं. काच फुटली तर घर देवळाला जाईल.

गाव्रिला अजून जिवंत आहे, म्हणतात. माझ्या मर्तिकाला आला तर कोबीच्या पानातलं खिम्याचं जेवण पोटभर वाढावं. रडू लागला तर थांबवू नये, पण कोणी विश्वासही ठेवू नये.

इथवर लिहिलेलं रावेकाला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मला चित्र नको. तू राहा."

"दोन्ही मिळत नाहीत, बाई."

"मग सही उद्या कर," असं म्हणून तिने माझ्या हातातून लेखणी काढून घेतली, म्हणून ही सही दुसऱ्या दिवसाची आहे.

सही: सावेता कोम्शा
आमच्यासमोर सही केली: निस्तोर बुर्झा (देवळाचा घंटावाला), तोदोसिया मोगा (शेजारीण)
पोएनित्सा, ९ सप्टेंबर २००३